फाइल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत

ऑनलाइन विकत घेतलेली 10 गिगाबाइटची फाइल सेकंदाला 10 मेगाबिट वेगाने उतरवून घ्यावयास सुमारे सव्वादोन तास लागतात. अखेरीस संपर्क तुटला, तर खेड्यातील ग्राहकाने पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा काय? पैसे तर त्याने भरलेले असतात! 1997 च्या एचटीटीपी 1.1 या संकेतप्रणालीत यावर उपाय आहे. फाइलीचा राहिलेला भाग तेवढा मागता येतो. मात्र विक्रेत्याच्या सर्व्हरवर ती सोय हवी. सोबत चेकसम दिल्यास फाइल जशीच्या तशी मिळाली की नाही, हे ग्राहकास पडताळता येते. माल रवाना झाल्याने कर्तव्य संपत नाही. तो अखंड हाती पडला, तरच व्यवहार पुरा झाला. जनतेला मोठ्या फाइली पुरविताना आपणही हीच कसोटी लावावी, ही विनंती.