वृद्धांचे हृदय, श्वास आणि शक्तीच्या गोळ्या

चढण चढताना धाप लागू लागली, की घरातील वडीलधाऱ्यांसाठी शक्तीच्या गोळ्या आणण्याची प्रथा आता खेड्यांतही पोचली आहे. शहरात नोकरीस असलेला मुलगा सणाला येतो तो जीवनसत्त्वांची बाटली घेऊनच. त्यामागील माया खरी असते. परंतु या गोळ्यांनी हृदय व फुप्फुसे बळकट होतात काय, हे मोजूनच पाहावे लागते आणि तसे ते पाहिले गेले आहे.

गाजर व पालेभाज्या यांत बीटा-कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनविते. अशा भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे निरीक्षण होते. तेव्हा हेच द्रव्य गोळीतून दिल्यास धूम्रपान करणाऱ्यांचे रक्षण होईल, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. नैर्ऋत्य फिनलंडमधील ५० ते ६९ वर्षे वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष या प्रयोगात सहभागी झाले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर उरलेल्यांना यांपैकी काहीच नसलेली, परंतु दिसण्यास तशीच गोळी देण्यात आली. हा क्रम पाच ते आठ वर्षे चालला. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते अपेक्षेच्या नेमके उलट होते. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. यांपैकी पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,८६२ जणांची पुढे वेगळी पाहणी झाली. त्यांच्यातही बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हृदयविकाराने झालेले मृत्यू अधिक निघाले. अमेरिकेतील अशाच एका प्रयोगात तीच चिन्हे दिसताच तो १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. गाजर निर्दोषच आहे. विडी ओढणाऱ्याने गोळीच्या आधारावर विडी चालू ठेवणे, हा खरा धोका.

ड जीवनसत्त्व व माशाच्या तेलाची कॅप्सूल यांची परीक्षाही अमेरिकेत २५,८७१ प्रौढ व वृद्धांवर झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण दोहोंपैकी कशानेही लक्षणीय घटले नाही.

रक्ततपासणीत एखाद्या जीवनसत्त्वाची उणीव आढळली, तर ती वैद्यकीय सल्ल्याने भरून काढणे रास्तच होय. मात्र परस्पर घेतलेली गोळी चालू औषधाच्या आड येऊ शकते. वॉरफरीन हे रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध घेणाऱ्याने के जीवनसत्त्व असलेली गोळी सुरू केल्यास त्या औषधाचा परिणाम कमी होतो. अशा उत्पादनांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापण्याचे बंधन केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी घातले आहे. ती ओळ बहुधा इंग्रजीत असते, आणि गावातील ज्या आजोबांसाठी बाटली येते त्यांना ती वाचता येत नाही.

धाप लागणे हे हृदयविकाराचे, दीर्घकालीन श्वासरोगाचे किंवा साध्या रक्तक्षयाचेही लक्षण असू शकते. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांत, कधीही विडी न ओढता, असा श्वासरोग होतो. गोळ्यांच्या बाटलीमुळे तपासणी लांबते, हे नुकसान कोणत्याच हिशेबात येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घेण्यास वेळ थोडा लागतो. वृद्धांनी तेथे येताना घरातील साऱ्या गोळ्या व बाटल्या एका पिशवीत घालून आणाव्यात, एवढी सूचना पंचायतीच्या फलकावर मराठीत लावणे सहज शक्य आहे.