सहांतले तिघे



पडद्यावर सहा तरुण चेहरे दिसतात. एक तलवारबाज. जादूगारांच्या राज्यात जन्मूनही जादू न येणारी एक राजकन्या. अंगात माणूस आणि लांडगा दोन्ही घेऊन वाढलेला एक मुलगा. वाळवंटातला एक चोर. धर्मगुरूंची चिमुकली नात. आणि डोंगरावरच्या राज्यातली, भाला चालवणारी दुसरी राजकन्या. खेळ तुम्हाला सांगतो : यांतले तिघे निवडा. उरलेले तिघे वाटेत कुठंतरी भेटतील, दोन शब्द बोलतील आणि आपल्या वाटेनं निघून जातील. त्यांच्या मनात काय होतं, ते या खेपेला तुम्हाला पुरतं कळणार नाही.

या खेळाचं नाव ‘ट्रायल्स ऑफ माना’. २४ एप्रिल २०२० रोजी तो बाजारात आला, तेव्हा आपण सगळे टाळेबंदीत घरात होतो. मी भाषांतराचं काम करते. त्या दिवसांत हातातली कामं थांबली होती. माझी तेरा वर्षांची भाची नाशिकला, मी पुण्यात. दोघींनी आपापल्या संगणकावर हा खेळ घेतला आणि रोज रात्री जेवणं झाली की फोनवर एकमेकींना आपापली गोष्ट सांगायची, असं ठरवलं. आज मला या खेळाबद्दल बोलायचं आहे, आणि जुनी कृती नव्यानं घडवणं म्हणजे काय, याबद्दलही. कारण ‘ट्रायल्स ऑफ माना’ हा रिमेक आहे. मूळ खेळ १९९५ सालचा.

ज्यांनी असे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. ते पात्र गावं फिरतं, माणसांशी बोलतं, लढतं, शिकतं आणि हळूहळू बळकट होत जातं. जपानमध्ये अशा खेळांचे दोन मोठे प्रवाह झाले. एकात लढाई बुद्धिबळासारखी चालते : आधी तुमची खेळी, मग शत्रूची. दुसऱ्यात लढाई तिथल्या तिथं घडते. शत्रूनं शस्त्र उगारलं की तुम्हाला त्याच क्षणी बाजूला व्हावं लागतं. माना मालिका या दुसऱ्या प्रवाहातली. ‘स्क्वेअर’ या जपानी कंपनीनं १९९१ साली हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’वर तिचा पहिला भाग काढला. कोइची इशी हे तिचे जनक. जपानीत मालिकेचं नाव ‘सेइकेन देन्सेत्सु’, म्हणजे पवित्र तलवारीची दंतकथा. दुसरा भाग १९९३ साली आला आणि जगभर गाजला. तिसरा ३० सप्टेंबर १९९५ रोजी ‘सुपर फॅमिकॉम’ या यंत्रासाठी आला. तोच आपल्या आजच्या खेळाचा पूर्वज.

पण हा तिसरा भाग जपानबाहेर आलाच नाही. दुसऱ्या भागावर जीव लावून बसलेली इतर देशांतली मुलं मासिकांतून त्याची चित्रं पाहत राहिली. पुढं, २००० सालाच्या सुमारास, काही हौशी मंडळींनी स्वतःच त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. खेळाच्या डेटात दडलेला जपानी मजकूर शोधायचा आणि त्या जागी इंग्रजी बसवायचं. भाषांतर करणाऱ्या माणसाला हे काम किती चिकाटीचं असेल ते लगेच समजतं. पवित्र तलवारीसाठीचा ‘सेइकेन’ हा शब्द जपानी लिपीत दोन चिन्हांत लिहून होतो. इंग्रजीत त्याला नऊ अक्षरं लागतात. सगळा मजकूर असाच फुगत जातो, आणि जुन्या खेळांत जागा तर मोजकी. तरीही ते झालं, केवळ खेळावरच्या मायेनं झालं. अधिकृत इंग्रजी रूप यायला जून २०१९ उजाडावा लागला. मूळ खेळाला तोवर जवळजवळ २४ वर्षं होत आली होती. त्याच सुमारास रिमेकचीही घोषणा झाली, आणि पुढच्या वर्षी तो आपल्या हातात आला.

या रिमेकमध्ये काय बदललं? सगळ्यांत आधी बदलली ती नजर. मूळ खेळात आपण उंचावरून खाली पाहतो, घराच्या गच्चीवरून अंगणातली मुलं पाहावीत तसं. माणसं बोटाएवढी, झाडं ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेली. नव्या खेळात आपण पात्राच्या पाठीशी उभे असतो. बर्फातून चालताना समोर फक्त बर्फ दिसतो. जुन्या पात्रांना उडी मारता येत नव्हती. नव्यांना येते, आणि एवढ्यानंच गावांची छपरं, कडे, कपारी सगळं पायाखाली येतं. जुन्या खेळात कुणी मंत्र म्हणायला लागलं की सगळे जागच्या जागी थबकत आणि मंत्र संपेपर्यंत लढाई थांबून राहायची. नव्यात शत्रूचा मोठा घाव कुठं पडणार ते जमिनीवर लाल खुणेनं दिसतं आणि तेवढ्या क्षणात तिथून निसटावं लागतं. पहिल्या आठवड्यात माझी बोटं अडखळत होती. तिसऱ्या आठवड्यात लाल खूण दिसण्याआधीच अंगठा हलू लागला. शरीर काहीतरी नवं शिकतंय, हा आनंद चाळिशीनंतर फार क्वचित मिळतो.

आणि काय राखलं? राखली ती निवड. या खेळाचा जीव तिच्यातच आहे.

मी राजकन्या अँजेला निवडली. तिचं राज्य अल्टेना, कायम बर्फाचं. तिच्या आईच्या जादूनं राजधानी उबदार राहते. पण जगातली माना, म्हणजे सगळ्या सृष्टीला चालवणारी शक्ती, आटत चालली आहे. माना-शिळेत कोंडलेलं बळ मोकळं करायचं तर कुणाचा तरी प्राण द्यावा लागतो. जादू न येणाऱ्या मुलीचाच प्राण द्यायला आई तयार होते. त्या भीतीच्या क्षणी अँजेलाच्या आतून पहिल्यांदा जादू फुटते आणि ती बर्फात एकटी येऊन पडते. मी तिच्यासोबत त्या बर्फातून चालले. ‘आईनं असं का केलं?’ हा तिचा प्रश्न पुढचे कित्येक तास माझ्यासोबत चालत होता.

भाचीनं निवडली रीझ, डोंगरावरच्या लॉरेंटची राजकन्या. तिचं राज्य बुडालंय, वडील मारले गेलेत आणि धाकट्या भावाला शत्रूनं पळवून नेलंय. भाचीला स्वतःला धाकटा भाऊ आहे. तिनं रीझ का निवडली, ते मी विचारलं नाही.

काही आठवड्यांनी एका रात्री मी तिला सांगत होते, की अँजेलाच्या वैऱ्याशी, किरमिजी जादूगाराशी, आता शेवटचा सामना जवळ आलाय. पलीकडं क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “अगं मावशी, तो तर माझ्याकडं केव्हाच संपला! मला बेलाडोना उरलीये.” बेलाडोना ही रीझची वैरीण. या खेळात वाईटाच्या तीन टोळ्या आहेत आणि त्या एकमेकींच्याही वैरी आहेत. तुम्ही ज्याला नायक केलं, त्याचं ज्यांच्याशी वैर, ती टोळी शेवटपर्यंत उरते. इतर दोघींचा काटा तीच काढते. म्हणजे खेळ सुरू होण्याआधी, अजून काहीच माहीत नसताना केलेल्या एका निवडीनं सगळ्या कथेचा शेवट ठरतो. ही रचना १९९५ साली केलेली आहे. रिमेक करणाऱ्यांनी तिला हात लावला नाही. उलट साथीदार भेटला की त्याची पूर्वकथा स्वतः खेळून पाहण्याची सोय त्यांनी दिली, त्यामुळं निवडलेल्या तिघांचंही दुःख आपलं होतं.

सहांतले तिघे निवडायचे तर वीस वेगवेगळी त्रिकुटं होतात. पुढं पात्रानं अठरावी पातळी गाठली की त्याच्यासमोर दोन वाटा येतात, उजेडाची आणि अंधाराची. अडतिसाव्या पातळीला पुन्हा दोन. म्हणजे कथेच्या ओघात प्रत्येकाची चार वेगळी रूपं होऊ शकतात. रीझनं उजेडाची वाट धरली तर ती साथीदारांचं बळ वाढवते. अंधाराची धरली तर शत्रूचं बळ घटवते. अंधार इथं पापाचा नाही. आपल्या पंचांगात शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष जसे एकाच चंद्राचे, तसंच हे. माझ्या भाचीनं अंधाराची वाट घेतली आणि मला ठणकावून सांगितलं, “ती वाईट झाली नाहीये मावशी, ती फक्त चिडलीये.” तेरा वर्षांच्या मुलीनं हे म्हणावं, ही त्या खेळाची कमाई आहे. नव्या खेळात ही वाट बदलण्याची एक सोय ठेवली आहे. आम्ही दोघींनी ती वापरली नाही. त्रिकूट मात्र कुणालाच अर्ध्यातून बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता संगीताविषयी. मूळ खेळाचं संगीत हिरोकी किकुता यांचं. सुपर फॅमिकॉममध्ये एका वेळी जास्तीत जास्त आठ आवाज वाजू शकत आणि त्या सगळ्यांसाठी स्मृती होती फक्त ६४ किलोबाइट. आज फोनवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्या एवढ्याशा जागेत किकुतांनी समुद्र, वाळवंट, जंगल आणि देवीचं मंदिर उभं केलं. रिमेकमध्ये हेच संगीत भरघोस वाद्यांनी नव्यानं बांधलं आहे. आणि त्यातच एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : हवं तेव्हा जुनं संगीत लावता येतं. मी कित्येकदा दोन्ही ऐकून पाहिलं. बंदिश तीच. एकदा ती भरल्या मैफलीत ऐकू येते, एकदा घराच्या ओसरीवर कुणी एकट्यानं म्हटल्यासारखी. घडवणाऱ्यांनी नव्याच्या आनंदात जुन्याचा आवाज बंद केला नाही.

एक गोष्ट मात्र हरवली, आणि ती मला बोलायलाच हवी. मूळ खेळ दोघांना शेजारी बसून एकत्र खेळता येत असे. एकाच पडद्यावर एक जण तलवारबाज, दुसरा जादूगार. रिमेक एकट्यानंच खेळायचा आहे. पात्राच्या पाठीमागून पाहणारी नजर एका वेळी एकाच्याच मागं राहू शकते; नव्या नजरेची ही किंमत असावी. पण किती बहीण-भावंडांचं बालपण त्या दोन कंट्रोलरांत अडकलं असेल, हे आठवलं की ही उणीव टोचते. आम्ही ती फोननं भरून काढली. त्या रात्रींत भाची माझ्याशी जेवढं बोलली, तेवढं त्याआधीच्या दोन वर्षांत बोलली नव्हती.

रिमेक संपवल्यावर मी मूळ खेळाकडं गेले आणि तिथं मला वार भेटले. त्या जगात आठवड्याचे दिवस आहेत आणि ज्या तत्त्वाचा वार, त्या दिवशी त्याची जादू प्रबळ. चंद्राचा वार, आगीचा वार, पाण्याचा, झाडाचा, मातीचा. हे आले जपानी वारांवरून. जपानीत सोमवार हा चंद्राचा दिवस, आपल्याकडंही सोम म्हणजे चंद्रच. त्यांचा मंगळवार आगीचा, कारण मंगळ ग्रहाला ते आगीचा तारा म्हणतात. आणि आपणही मंगळाला तांबडा, तापट मानतो. एका लहानशा जपानी खेळात मला माझ्याच घराचं कॅलेंडर सापडलं. रिमेक खेळले नसते तर मी त्या जुन्या खेळाच्या वाटेला कधी गेलेच नसते.

म्हणून माझं मत असं झालं आहे. रिमेक हे एका काळातून दुसऱ्या काळात केलेलं भाषांतर आहे. भाषांतर वाचून मूळ पुस्तक शोधावंसं वाटलं तर ते भाषांतर चांगलं. भाषांतर आलं म्हणून मूळ पुस्तक रद्दीत गेलं, तर ती हानी. ‘ट्रायल्स ऑफ माना’ या कसोटीला उतरतो. त्यानं हाताची आणि डोळ्याची भाषा बदलली, निवडीची जबाबदारी तशीच ठेवली, आणि तो येईपर्यंत मूळ खेळही जगाला वाचता येईल अशा रूपात उपलब्ध झालेला होता. जुना खेळ नव्यानं घडवणाऱ्या प्रत्येकानं एवढं पथ्य पाळावं.

श्रोतेहो, तुमच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर ‘पुरे कर आता’ म्हणण्याआधी एक संध्याकाळ शेजारी बसा. पडद्यावर कोण आहे, कुठं निघालंय, कुणासाठी लढतंय, ते विचारा. आणि हा खेळ असेल तर आवर्जून विचारा : सहांतले कोणते तिघे निवडलेस, आणि का? उत्तर ऐका. खेळाबद्दल थोडं आणि तुमच्या मुलाबद्दल पुष्कळ काही कळेल.