उत्तर थेट बाईंनाच कळवा



‘संगणकातली एखादी गोष्ट सगळ्यांना कळेल अशी सांग,’ असा संयोजकांचा निरोप होता. म्हणून शाळेचेच उदाहरण घेतो.

बाईंनी ऑफिसातल्या क्लार्कना काही विचारले. उत्तर हेडसरांकडे आहे. क्लार्कना त्यात भर घालायची नसेल, तर ते म्हणतात, ‘सर, उत्तर थेट बाईंनाच कळवा,’ आणि आपले टेबल मोकळे करतात. पण उत्तरावर शिक्का मारायचा असेल, तर उत्तर येईपर्यंत टेबल अडवून बसावेच लागते.

प्रोग्राममधली फंक्शन्स अशीच एकमेकांना कामे सांगतात. वाट पाहणारे प्रत्येक फंक्शन स्टॅकमध्ये थोडी मेमरी अडवते. लिनक्सवर ही जागा सहसा ८ एमबी असते. प्रत्येकी १६ बाइट धरले, तरी १० लाख फंक्शन्स ताटकळली की १६ एमबी लागतात आणि प्रोग्राम कोसळतो. मात्र दुसऱ्याला बोलावणे हेच फंक्शनचे शेवटचे काम असेल, तर कंपायलर त्याची जागा पुढच्याला देऊ शकतो. हेच टेल कॉल ऑप्टिमायझेशन. सस्मन आणि स्टील यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या स्कीम भाषेत हा नियमच आहे. सी भाषेत ती कंपायलरची मर्जी.

मेख आहे उत्तराच्या प्रकारात. आतले फंक्शन ३२ बिटांचा पूर्णांक देते आणि बाहेरच्याला ६४ बिटांचा द्यायचा आहे, असे समजा. ओळ दिसायला साधी असते, पण उत्तर आल्यावर ते रुंद करण्याचे एक काम उरते. हाच तो शिक्का! टेबल अडते. कंपायलर चूक दाखवत नाही. छोट्या चाचणीत सगळे सुरळीत चालते. खरी, मोठी माहिती आली की प्रोग्राम बंद पडतो, तोही वापरणाऱ्याच्या हातात.

क्लँग कंपायलरमध्ये २०२१ पासून अशा ओळीवर ‘मस्टटेल’ अशी खूण करता येते. मग प्रकार जुळले नाहीत, तर कंपायलर तिथेच नकार देतो.

आपल्यापैकी जे प्रोग्राम लिहितात किंवा शिकवतात, त्यांना एवढीच विनंती: दोन्ही फंक्शन्सच्या उत्तराचा प्रकार एकच ठेवा, आणि ज्या सोयीवर प्रोग्राम उभा आहे ती गृहीत धरू नका, लेखी मागून घ्या.