पलटणीच्या कागदांत आपले पूर्वज
(मुरबाड येथील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या गावी आपण जमलो आहोत, त्या गावाचे नाव एका कुटुंबाने आडनाव म्हणून धारण केले होते. ते कुटुंब मुरबाडकरांचे. परमपूज्य बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई या त्याच घराण्यातील. भीमाबाईंचे वडील आणि त्यांचे सहा चुलते हे सारे लष्करात सुभेदार मेजर होते, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. हिंदी माणसाला पलटणीत चढता येईल अशी ती त्या काळची शेवटची पायरी होती. ज्यांना गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांच्या एका घरातील सात माणसे त्या पायरीवर उभी होती!

आता मी आपणांस एक प्रश्न विचारतो. आपल्यापैकी किती जणांना आपल्या पणजोबांचे नाव सांगता येईल? ते कोणत्या पलटणीत होते, त्यांचा नंबर काय होता, हे किती जणांना ठाऊक आहे? “आमचा म्हातारा मिलिटरीत होता,” एवढे सांगून आपण थांबतो. कोणती मिलिटरी, कोणते साल, याचा पत्ता नसतो. म्हणून आज मी स्तुतीचे भाषण करणार नाही. मी वकील आहे. ही माहिती कोठे सापडते, ती कशी वाचावी आणि ती का जपावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या गोऱ्या तरुणाला आपल्या अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागे. ते अर्ज, तसेच मुंबई सैन्यातील गोऱ्या शिपायांची हजेरीपत्रके, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आजही आहेत. म्हणून विलायतेतील एखादा सामान्य मनुष्यही आपल्या खापरपणजोबाचा जन्मगाव, त्याचे आईबाप आणि त्याची नोकरी शोधून काढू शकतो. हिंदी शिपायाचे तसे नाही. त्याच्या सेवेची पत्रके विलायतेस जात नसत. ती त्याच्या पलटणीतच राहत, आणि पलटण मोडली की पुष्कळदा कागदही मोडीत निघत. एकाच रणांगणावर दोघांचे रक्त सांडले, परंतु कागद एकाचाच टिकला. मागे कोणाची आठवण राहावी, हे कागद ठेवणारा ठरवीत असतो.

येथून जवळच नाणेघाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजकुलाने तेथील लेण्यात आपल्या माणसांच्या प्रतिमा कोरविल्या आणि त्यांखाली नावे लिहविली. आज प्रतिमा झिजून गेल्या, पण नावांमुळे ती माणसे आपण ओळखतो. त्याच घाटाने ज्यांनी ओझी वाहिली त्यांचे नाव कोणत्याही दगडावर नाही. आपल्या लोकांचे नाव राज्यसत्तेच्या दगडावर येण्यास १८२१ साल उजाडावे लागले. त्या साली भीमा कोरेगाव येथील विजयस्तंभाच्या बांधकामास प्रारंभ झाला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या पलटणीतील ४९ जणांची नावे त्यावर आहेत. त्यांपैकी २२ नावे महार शिपायांची आहेत, हे कशावरून कळते? जात तेथे लिहिलेली नाही. नावाच्या शेवटी जो ‘नाक’ हा प्रत्यय येतो, त्यावरून ते कळते.

शोधाचा पहिला धडा येथेच मिळतो. जुन्या पत्रकांत आडनाव शोधू नका. त्या काळी शिपायाचे नाव आणि बापाचे नाव, दोन्हींच्या शेवटी ‘नाक’, एवढीच ओळख असे. आडनावे मागाहून आली आणि कित्येकदा गावावरून आली. मुरबाडचे मुरबाडकर झाले, आंबडव्याचे सकपाळ शाळेच्या पटावर आंबडवेकर झाले. शिवाय इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे नाव लिहिले. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारचे आढळले तर घाबरू नका. नाव फिरते, पण शिपायाचा नंबर, बापाचे नाव आणि गाव ही सहसा फिरत नाहीत. त्यांवर भिस्त ठेवा.

दुसरा धडा पलटणीविषयीचा. पलटणींची नावे वारंवार बदलली. कोरेगावला लढलेली पलटण त्या वेळी पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाई. १९०३ मध्ये तीच १०२ वी ग्रेनेडियर्स झाली आणि १९२२ मध्ये चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन. आजोबांच्या कागदावरील नाव आज अस्तित्वात नाही, म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत. कोणत्या साली कोणते नाव होते, याचा माग काढला पाहिजे.

आता कोठे शोधावे ते सांगतो. प्रारंभ घरापासून करा. आजीची पत्र्याची पेटी उघडा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, पदक, यांपैकी काहीतरी निघेल. पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली पाहा. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पूर्वज सुभेदार किंवा जमादार असेल तर छापील आर्मी लिस्टमध्ये त्याचे नाव शोधावे. मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचा जुना पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहे. पूर्वज महायुद्धात पडला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची यादी पाहावी. ती सर्वांस विनामूल्य खुली आहे आणि तीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. पण येथेही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. १९२९ मध्ये उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली. या विषमतेची कबुली त्या आयोगाने आपल्या अहवालात दिली, ती २०२१ मध्ये.

ज्यांचे वडील किंवा आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, त्यांचे काम पुष्कळ सोपे आहे. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. नंबर हाती असेल तर तेथील अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करता येतो, आणि ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्या कामी वाट दाखवू शकते.

मधल्या काळाचे काय? त्या काळाचा कागद सापडत नाही, याचे कारण कित्येकदा वाळवी नसते, सरकारी धोरण असते. ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ असा भेद उभा करून १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या दगडावर होती, तेच एका रात्रीत बिनलढाऊ ठरले. तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज धाडला. दोघांनीही दया मागितली नाही. आमच्या लोकांनी केलेली चाकरी पाहा आणि न्याय करा, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली. गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली गेली. कागदातील ही पोकळी हासुद्धा एक पुरावाच आहे. तोही वाचावयास शिका.

आता आजच्या व्यवहाराकडे येतो. काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एक वृद्ध भगिनी माझ्याकडे आली. नातवाच्या जात पडताळणीचे प्रकरण अडले होते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि तिच्या सासऱ्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. शाळाच नाही, तर दाखला कोठून आणावा? बोलता बोलता सासरा पलटणीत असल्याचे निघाले. चार दिवसांनी तिने १९४६ चा डिस्चार्ज आणला. अर्धा कागद वाळवीने खाल्ला होता. गाव आणि जात ज्या भागावर, नेमका तोच गेला होता. परंतु नंबर शाबूत होता. त्या नंबरावरून अभिलेखातील नोंदीची प्रत मिळाली आणि तीत सासऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका मुरबाड आणि जात, सारे स्पष्ट होते. गावचे दप्तर आणि वंशावळ जोडून ते प्रकरण उभे राहिले. एक ओळ नंबर उरला नसता, तर त्या मुलाचे वर्ष गेले असते.

म्हणून कायद्याच्या दोन गोष्टी सांगतो. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून हजर झाला, तर तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. योग्य ताबा म्हणजे जेथे तो कागद असणे स्वाभाविक, तेथेच तो असणे. तेव्हा मूळ कागद कोणा मध्यस्थाच्या हाती देऊ नका. त्याला प्लॅस्टिकमध्ये चिकटवू नका, पुसट अक्षर पेनाने गिरवू नका. छायाप्रती काढा, नंबर चार ठिकाणी लिहून ठेवा, आणि घरातील वृद्धांकडून वंशावळ आजच लिहून घ्या. तीत स्त्रियांची नावे अवश्य घाला. पलटणीच्या पत्रकात स्त्री आली तर केवळ वारस म्हणून येते. ही चूक निदान आपण तरी करू नये.

एक आक्षेप माझ्या कानावर नेहमी येतो. “१९५६ मध्ये आपण ज्या जातीचा त्याग केला, तिचेच नाव लिहिलेला कागद जपून ठेवावयाचा काय?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे की, डॉक्टरचा दाखला जपून ठेवणारा मनुष्य जखमेवर प्रेम करीत नसतो. जखम झाली होती, हे त्याला सिद्ध करावयाचे असते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी केंद्र सरकारने मान्यता दिली ती १९९० मध्ये; म्हणजे धर्मांतरानंतर एक पिढी उलटून गेल्यावर. दीक्षेने मन मुक्त झाले. हक्क मात्र अर्ज, पुरावा आणि चिकाटी यांनीच मिळाले.

आणि पूर्वजांचा फाजील गौरवही नको. ते परक्या सरकारच्या पगारावर लढले, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या सैन्यात इतर जातिधर्मांचे लोकही तसेच लढत होते. पण आपल्या घरात त्या चाकरीबरोबर अक्षर आले. सुभेदार रामजी सकपाळ चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, हे विसरू नका. त्या शाळेतून निघालेली वाट पुढे कोठवर पोहोचली, हे या सभेस सांगावयाची गरज नाही.

तेव्हा घरी गेल्यावर आज रात्रीच ती पेटी उघडा. आजीला जवळ बसवा, विचारा आणि लिहून घ्या. उद्या कागद मागितला जाईल तेव्हा वाळवी मुदतवाढ देणार नाही.

जय भीम!