दारावरचा हिरवा दिवा



आज आम्ही तुमच्याशी एका लहानशा दिव्याविषयी बोलणार आहोत. हा दिवा देवघरातला नाही की गोठ्यातला नाही. तो शहरात असतो. सिनेमाच्या थेटरात असतो. मोठ्या दवाखान्यात असतो. मंगल कार्यालयात असतो. चार मजली कापड दुकानात असतो. दाराच्या वर हिरवी पाटी असते आणि पाटीत उजेड असतो. पाटीवर लिहिलेले असते, 'बाहेर' किंवा 'बाहेर जाण्याचा मार्ग'. कुठे 'एक्झिट' असा इंग्रजी शब्द असतो. त्याचा अर्थही तोच, बाहेर जाण्याची वाट.

तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातली माणसे. आमच्या घराला पुढे एक दार, मागे एक दार. वीज गेली तरी आम्ही अंधारात चुलीपाशी जातो आणि काडेपेटी शोधून आणतो. आम्हांला त्या दिव्याशी काय करायचे आहे?

काम आहे, मंडळी. आमचाच एक अनुभव सांगतो.

आमच्या साक्षरता वर्गातली दहा-बारा माणसे एकदा तालुक्याच्या गावी लग्नाला गेली. आम्हीही बरोबर होतो. कार्यालय पहिल्या मजल्यावर होते. रात्रीची पंगत बसली होती. एकाएकी वीज गेली. स्वयंपाकघराच्या बाजूने जळक्या वायरीचा वास आला, धूर आला. कुणीतरी ओरडले, "आग लागली, पळा!"

झाले! तीन-चारशे माणसे उठली. ज्या जिन्याने सगळे वर आले होते, त्याच जिन्याकडे सगळे धावले. अंधारात कुणाला काही दिसेना. पोरे रडू लागली. बाया हाका मारू लागल्या. जिन्याच्या तोंडाशी माणूस माणसाला रेटू लागला.

तेवढ्यात आमच्या वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, "अरं, मागल्या अंगालाबी दार हाय. वर 'बाहेर' असं लिवलंय. मी मघाशी वाचलं."

आजी साठीच्या पुढच्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अक्षर ओळखीचे नव्हते. आता दिसेल ती पाटी वाचायची त्यांना सवय लागली होती. आम्ही भिंत चाचपत मागे गेलो. दार सापडले. पण दारापुढे काय होते? खुर्च्यांची उतरंड आणि तांदळाची पोती! आणि वरची पाटी? ती काळी ठिक्कर. वीज गेली तशी तीही विझली होती. आमच्यातल्या चार तरण्या पोरांनी खुर्च्या फेकल्या, पोती ओढली. दार उघडले. अर्धी माणसे त्या दाराने खाली उतरली.

आग मोठी नव्हती. ती लवकर विझली. एका मुलाचा हात मुरगळला, एका म्हाताऱ्याचा पाय तुडवला गेला. तेवढ्यावर निभावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्यवस्थापकाला भेटलो.

"भाऊ, ती पाटी का लागली नाही?"

"आतली बॅटरी गेली असंल. बसवून पाच वर्षं झाली. तिकडं बघतंय कोण?"

"आणि दारापुढं खुर्च्या का ठेवल्या?"

"मग ठेवू कुठं?"

मंडळी, तो माणूस वाईट नव्हता. आम्हांला चहा पाजल्याशिवाय त्याने सोडले नाही. आदल्या रात्री पोरे उचलून बाहेर काढताना तो पुढे होता. पण दाराचे काम काय आणि दिव्याचे काम काय, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून आज आम्ही बोलतो आहोत.

दिल्लीची गोष्ट

आमच्यावेळी निभावले. सगळीकडे निभावत नाही.

१३ जून १९९७ हा शुक्रवारचा दिवस होता. दिल्लीत 'उपहार' नावाचे थेटर होते. तिथे दुपारचा खेळ चालू होता. नवा सिनेमा होता, गर्दी होती. थेटराच्या खाली मोटारी उभ्या करण्याची जागा होती. तिथेच विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच दिवशी सकाळी तो एकदा पेटला होता. घाईघाईने दुरुस्त केला होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो पुन्हा पेटला. मोटारी पेटल्या. धूर जिन्यातून वर चढला आणि बाल्कनीत भरला.

खाली बसलेली माणसे बाहेर पडली. वरची अडकली. जादा बैठका बसवण्यासाठी बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट बंद करून टाकली होती. दिवे गेले. अंधारात वाट दाखवील असा संकटकाळचा दिवा नव्हता. ५९ माणसे मेली. शंभरावर जखमी झाली. मेलेल्यांत लहान मुले होती. बहुतेकांचा जीव ज्वाळेने गेला नाही, धुराने गुदमरून गेला.

त्या माणसांना चार पावलांवरची वाट दिसली असती आणि मोकळी मिळाली असती, तर त्यांतली कितीतरी घरी गेली असती. त्यांच्या नातेवाइकांनी पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात दाद मागितली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालकांना दोषी ठरवले गेले. पण गेलेली माणसे काही परत आली नाहीत.

ही खूण कुठून आली?

अशी दुःखे जगात इतरत्रही झाली आहेत. आज जे नियम आहेत, ते त्या दुःखांतूनच आले आहेत.

अमेरिकेत शिकागो शहरात ३० डिसेंबर १९०३ रोजी एका नव्या कोऱ्या नाटकगृहाला आग लागली. सुमारे ६०० माणसे मेली. बायका-मुलेच जास्त. तिथे दारे पुष्कळ होती. पण दारांवर पाट्या नव्हत्या. काही दारे पडद्यांनी झाकलेली होती. काहींच्या कड्या अशा होत्या की त्या कशा उघडायच्या ते कुणाला कळेना. काही दारे आत उघडणारी होती. मागून गर्दीचा रेटा आला, की आत उघडणारे दार उघडत नाही. बैल गोठ्याच्या दाराला आतून रेटून उभा राहिला, तर दार आत ओढता येईल का? तसेच ते.

न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी एका कपडे शिवण्याच्या कारखान्यात आग लागली. १४६ कामगार मेले. बहुतेक तरुण मुली. त्यांच्या मजल्यावरच्या एका जिन्याच्या दाराला कुलूप होते.

जपानात ओसाका शहरात १९७२ साली एका बहुमजली इमारतीला आग लागून ११८ माणसे मेली. त्यानंतर तिकडच्या लोकांनी विचार केला. पाटीवर नुसती अक्षरे पुरत नाहीत. धूर असतो, घाई असते. कुणाला वाचता येते, कुणाला येत नाही. परदेशी माणसाला तिथली भाषा येत नाही. मग युकिओ ओता आणि त्यांचे सहकारी यांनी एका चित्राला रूप दिले. हिरव्या रंगावर पांढरे दार, आणि दारातून पळणारा माणूस. हेच चित्र आज देशोदेशी दिसते. आपल्याकडेही दिसते. ते पाहिले, की समजावे, इकडून बाहेर जाता येते.

हिरवाच रंग का? अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग काळपट दिसतो, हिरवा चांगला दिसतो. शिवाय लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे जा, हे सिग्नल पाहून सगळ्यांना ठाऊक झालेच आहे.

वीज गेली तरी दिवा कसा लागतो?

घरात पाण्याचा पिंप आपण भरून ठेवतो. नळाचे पाणी गेले, की पिंपातले पाणी वापरतो. या दिव्याचेही तसेच. त्याच्या पोटात बॅटरी असते. वीज असते तोवर ती भरत राहते. वीज गेली, की दिवा आपोआप बॅटरीवर लागतो. कुणी बटण दाबायचे नसते. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उजेड यायला हवा.

हे दिवे दोन तऱ्हांचे. एक, दारावरची हिरवी पाटी. ती दार कुठे आहे ते सांगते. दुसरा, जिन्यात आणि बोळात बसवलेला पांढरा दिवा. तो पायांखालची वाट दाखवतो. नुसती पाटी असून भागत नाही. पायरी दिसली नाही तर माणूस पडतो, आणि एकावर दहा पडतात.

बॅटरी दीड तास टिकली पाहिजे असा दंडक आहे. पण बॅटरीही म्हातारी होते. न वापरता, न तपासता ठेवली, की ऐन वेळी दगा देते. म्हणून महिन्यातून एकदा वीज तोडून दिवा लागतो का ते पाहावे. वर्षातून एकदा पूर्ण वेळ पेटता ठेवून पाहावे.

मालकाने काय केले पाहिजे?

पहिले, माणसे आत आहेत तोवर पाटी उजळलेली पाहिजे.

दुसरे, दारापुढे, बोळात आणि जिन्यात सामान ठेवता कामा नये. खुर्च्या नकोत, खोकी नकोत, मोटारसायकल नको.

तिसरे, माणसे आत असताना बाहेर पडण्याच्या दाराला कुलूप घालता कामा नये. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे.

चौथे, पाटीपुढे पडदा, तोरण, जाहिरात लावता कामा नये. लग्नात सजावट करणारे हे हमखास विसरतात.

आपल्या राज्यात यासाठी कायदा आहे. २००६ सालचा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम. मोठ्या इमारतींत आगीपासून बचावाची साधने चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. ती साधने नीट चालतात असा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. म्हणजे, "तिकडं बघतंय कोण?" हे उत्तर चालत नाही.

आपण काय करावे?

अनोळखी इमारतीत शिरलात, की चपला काढायच्या आधी एक गोष्ट करा. मान वर करा आणि हिरवी पाटी शोधा. आलो त्या दाराखेरीज दुसरे दार कुठे आहे ते पाहून ठेवा. पोराबाळांनाही दाखवा. एवढ्याला वेळ कितीसा लागतो? पानाला चुना लावायला लागतो तेवढा.

धूर झाला तर उभ्याने धावू नका. धूर वर चढतो. खाली जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. वाकून किंवा रांगत, भिंतीच्या कडेने चला. धुराने वरची पाटी झाकली जाते, म्हणून तर दार आधीच पाहून ठेवायचे. लिफ्टमध्ये शिरू नका. वीज गेली, की ती मधेच अडकते. पिशवी, चपला, डबा, काही घ्यायला मागे फिरू नका.

आणि लपू नका. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर एका गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली. १४ माणसे मेली. त्यांतली बरीच शौचालयात सापडली. धुरापासून वाचण्यासाठी ती तिथे शिरली होती. बंद खोलीत धूर शिरतो, पण माणसाला बाहेर पडता येत नाही. वाट बाहेरची धरावी.

बाहेर आलात, की अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा.

दाराशी उभा असलेला माणूस

आता शेवटची गोष्ट. ती सर्वांत महत्त्वाची आहे.

थेटरच्या दाराशी जो माणूस उभा असतो, तो कोण असतो? दुकानाचा रखवालदार कोण असतो? कार्यालयात खुर्च्या रचणारा, दवाखान्यात पाळी करणारा, गिरणीत रात्री किल्ल्या सांभाळणारा कोण असतो? तो पुष्कळदा आपल्याच गावचा असतो. आपला भाऊ, आपला मुलगा, आपली सून. मालक त्याला सांगतो, "मागचं दार लाव, फुकटे आत शिरतात." तो दार लावतो. त्याचा काय दोष, असे आपण म्हणतो.

पण मंडळी, त्या कुलपाची किल्ली त्याच्या कमरेला असते. आग लागली तर आतली माणसे त्याच्याकडे पाहणार. त्याने मालकाला सांगितले पाहिजे, "साहेब, फुकटे येऊ नयेत म्हणून मी दाराशी उभा राहतो, हवं तर दोन माणसं ठेवा. पण माणसं आत असताना कुलूप लावू नका." हे बोलायला धीर लागतो. पोटाचा प्रश्न असतो, हे आम्ही जाणतो. एकट्याला धीर नसेल, तर चौघांनी मिळून बोलावे. कागदावर लिहून द्यावे. तुम्हांला आता लिहिता येते.

तुमच्या घरची माणसे शहरात कामाला असतील. आजच त्यांना पत्र लिहा, नाहीतर फोन करा. विचारा, "तू जिथं काम करतोस, तिथं मागचं दार उघडं असतं का? वरचा दिवा लागतो का?"

त्या आजी आता कुठेही गेल्या, की आधी दार शोधतात. परवा बँकेत गेल्या, तर पासबुक हातातच ठेवून त्यांनी पाटी शोधली. लोक हसले. आजी म्हणाल्या, "हसा बापांनो. पण दार कुठं हाय, त्ये तेवढं बघून ठेवा."

आमचेही तुम्हांला हेच सांगणे आहे. फळ्यावर आज एकच शब्द लिहितो. तीन अक्षरे आहेत. मोठ्याने वाचा आणि ध्यानात धरा.

बाहेर.