दिलेला शब्द आणि राज्याची घडी

(कामरगाव, जि. वाशिम येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१५ ऑगस्ट १९४७ रोजी युनियन जॅक उतरला, तिरंगा डौलाने फडकला. पण कचेरीतील खुर्चीवर बसणारी माणसे बहुतांशी तीच राहिली. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तर १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या जखमा तेव्हा ओल्याच होत्या. ज्या यंत्रणेने देशभक्तांना तुरुंगात डांबले, तिच्याच अधिकाऱ्यांच्या वेतनाची आणि निवृत्तिवेतनाची हमी स्वतंत्र भारताने का घ्यावी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक होते.

हमी मात्र दिली गेली होती. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या १० व्या कलमाने, नव्या राजवटीत सेवेत राहणाऱ्या आयसीएस अधिकाऱ्यांचे वेतन, रजा व निवृत्तिवेतन सुरक्षित ठेवले. तीच हमी राज्यघटनेत घालण्याचा विषय आला, तेव्हा घटना समितीत विरोधाचा सूर उमटला. १० ऑक्टोबर १९४९ रोजी त्याला उत्तर दिले ते सरदार पटेलांनी. इंग्रजांचा तुरुंगवास त्यांनी स्वतः भोगला होता. तरीही त्यांची भूमिका नि:संदिग्ध होती : विचारपूर्वक दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि ज्या हत्यारांनी काम करायचे, त्यांच्याशीच भांडण मांडणे शहाणपणाचे नाही. फाळणीचा वणवा, निर्वासितांचे लोंढे, संस्थानांचे विलीनीकरण या दिव्यातून जाताना याच अधिकाऱ्यांनी निष्ठेने साथ दिल्याचे त्यांनी अनुभवले होते. अखेर ही हमी घटनेच्या ३१४ व्या कलमात आली.

हा विश्वास अनाठायी नव्हता. चिंतामणराव देशमुखांचेच उदाहरण घ्या. आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांची आयसीएसची कारकीर्द सुरू झाली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले; आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. परकीयांच्या सेवेत घडलेला माणूस स्वाभिमानशून्य असतो, असे कोण म्हणेल?

त्याच वर्षी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. तेव्हाही राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने बंधन घातले की, केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती त्यांना अहितकारक होतील अशा बदलता येणार नाहीत. राज्याची सीमा बदलली, म्हणून साध्या कारकुनाची भाकरी हिरावली जाऊ नये, हीच त्यामागील दृष्टी.

पुढे १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि १९७२ मध्ये २८ व्या घटनादुरुस्तीने ३१४ वे कलम वगळण्यात आले. समतेच्या नावाने हे घडले. विशेषाधिकार संपावेत, याबद्दल दुमत नसावे. परंतु राष्ट्राने दिलेले वचन सत्ताधाऱ्यांच्या सोयीने मोडावे काय, हा प्रश्न उरतोच. वचनासाठी राज्यावर पाणी सोडणारा राम हा ज्या समाजाचा आदर्श, त्याने तरी तो विसरू नये.

हमीला दुसरी बाजूही आहे. राज्य ज्याच्या म्हातारपणाची काळजी वाहते, त्याची निष्ठा पक्षाशी नव्हे, राष्ट्राशी असली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत शासकीय सेवक आहेत. राज्याने शब्द पाळावा आणि सेवकाने कर्तव्य. या दोन चाकांवरच राष्ट्ररथ पुढे जातो.

भारत माता की जय!