‘ढ’ म्हणून कोणी जन्मास येत नाही
(गावच्या पालकसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही उपदेश करण्यास उभे नाही, एका चुकीची कबुली देण्यास उभे आहोत.

ज्या मुलास अभ्यास येत नाही त्यास आपण ‘ढ’ म्हणतो. हेच अक्षर का? सुमारे २२५० वर्षांपूर्वीच्या अशोकाच्या शिलालेखांतील अक्षरे आज आपणांस वाचता येत नाहीत, इतकी त्यांची वळणे बदलली. परंतु ‘ढ’चे वळण जवळजवळ तसेच राहिले. म्हणून जो बदलत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. तेव्हा मुलास ‘ढ’ म्हणणे म्हणजे ‘तुला आज येत नाही’ असे सांगणे नव्हे. ‘तुला कधीच यावयाचे नाही’ असा निकाल देणे होय.

हा निकाल आम्ही स्वतः एका मुलावर दिला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. अपूर्णांकांचा तास आला की तो खाली मान घालून बसे. अर्धा अधिक पाव किती, असे विचारले तर वरचे आकडे वरच्यांत व खालचे खालच्यांत मिळवून ‘दोन षष्ठांश’ म्हणे. एके दिवशी आमचा तोल गेला आणि साऱ्या वर्गापुढे आम्ही त्यास ‘ढ’ म्हणालो. पंधरा दिवसांनी त्याचे वडील दारात उभे. म्हणाले, “गुरुजी, पोरगं ढ आहे असं तुम्हीच म्हणालात. मग उगीच बसवून काय करू? उद्यापासनं नेतो मेटावर.” आमचाच शब्द आमच्यापुढे येऊन उभा राहिला. आम्ही खजील झालो.

रविवारी त्यांची समजूत घालावी म्हणून आम्ही सुतारमेटावर गेलो. मुलगा फळीवर खूण करीत होता. वडील म्हणाले, “अर्धा इंच धर, वर पाव घे.” पोराने क्षणाचाही विचार न करता सहा सुतांवर रेघ मारली! अहो, इंचाची सुते आठ. अर्ध्याची चार, पावाची दोन, मिळून सहा; म्हणजेच पाऊण इंच. जे गणित वर्गात येत नाही म्हणून आम्ही त्यास ढ ठरविले, तेच तो मेटावर रोज करीत होता! अर्धा आणि पाव दोहोंची आधी सुते करावयाची, मग मिळवावयाची. शाळेच्या भाषेत यासच छेद समान करणे म्हणतात. मग सांगा, ढ कोण? तो मुलगा, की त्यास शिकविण्याची एकच रीत धरून बसलेले आम्ही?

दुसऱ्या दिवशी ती सुतांची पट्टी आम्ही वर्गात आणली. दोन महिने लागले. तो मुलगा वर्गात पहिला आला, असे आम्ही सांगणार नाही. तसे झाले नाही. परंतु अपूर्णांक त्यास कळले, आणि त्याचे नाव शाळेतून निघाले नाही.

बंधूंनो, आपल्या धंद्यात आपण असे निकाल देतो काय? पहिल्या दिवशी नांगर धरला तर तास वाकडेच जाते. पहिले मडके चाकावरच बसते. मुलीची पहिली भाकरी काठाला फाटते. तेव्हा आई ‘तुझ्या नशिबात भाकरी नाही’ असे म्हणून तिला चुलीपुढून उठविते काय? ‘पीठ अजून मळ, पाणी बेताने घाल’ असे सांगते. हाताची विद्या सरावाने येते हे आपणांस पक्के ठाऊक आहे. मग अक्षराची विद्या तेवढी कपाळी लिहिलेली असते, हे आपणांस कोणी शिकविले? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस शाळेचे दार बंद होते, त्यांस ‘तुमचे डोकेच तसले’ असे ऐकविण्यात आले, आणि ऐकून ऐकून आपणही ते खरे मानू लागलो.

शहाणपणाची वाखाणणी करावी, तर तीही जपून. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक या विदुषींनी १९९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांस कोडी दिली. ती सुटल्यावर काहींस ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींस ‘तू मेहनत केलीस’ असे. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सर्वांस अडविले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांचे काम पहिल्यापेक्षा खालावले. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांचे सुधारले. हुशार म्हणविलेल्यास चूक झाली की आपली हुशारी खोटी ठरली असे वाटते. म्हणून तो अवघडास भितो.

तथापि, ‘मेहनत कर’ एवढा मंत्र म्हटल्याने सर्व साधते असे कोणी समजू नये. अमेरिकेतच १२,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. बुद्धी वाढविता येते, एवढे थोड्या वेळात समजावून दिल्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले खरे, पण थोडेच. बोथट पटाशीने दिवसभर ठोकले तरी खाच नीट पडत नाही. पटाशीस धार लावावी लागते. तसेच मूल अडले तर रीत बदलावी, विचारावे, पुस्तक व वेळ द्यावा. उपाशी पोरास नुसती शाबासकी देऊन भागत नाही.

ज्या जोतीराव फुल्यांचे नाव आपण घेतो, त्यांसही लहानपणी शाळेतून काढून मळ्यात कामास लावले होते. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. लग्नाच्या वेळी सावित्रीबाईंस अक्षरओळख नव्हती. त्याच १८४८ साली पुण्यात मुलींस शिकवू लागल्या. आणि ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. साठी ओलांडलेल्या बाया पाटी घेऊन बसल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. त्या वयात अक्षर वळते, तर बारा वर्षांच्या पोराचे डोके मिटले असे म्हणणारे आपण कोण?

तेव्हा आमची विनंती एवढीच. मूल घरी आले की ‘किती गुण पडले?’ याआधी ‘आज कोठे अडलास?’ हे विचारा. तुम्हांस वाचता येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. जेथे अडले असेल ते आम्हांस येऊन सांगा. रीत बदलणे हे आमचे काम. आणि ‘येत नाही’ असे मूल म्हणाले, तर त्यात ‘अजून’ हा एक शब्द घाला: ‘अजून येत नाही.’

आम्ही मास्तरांनीही वर्गात ‘ढ’ हे अक्षर केवळ ढगासाठी व ढोलासाठी ठेवावे. आमच्या तोंडून ते पुन्हा एखाद्या मुलासाठी निघाले, तर तुम्ही आम्हांस भर सभेत जाब विचारावा, असा हक्क आम्ही आज तुम्हांस देतो.